न पडलेला हौदा

हौदा पडला. पिकअप गाडीचा मागचा अख्खा लाकडी हौदा, ज्यात बियाण्यांची पोती भरतात तो, बडनेऱ्याहून मुर्तिजापूरकडे येताना कुरुमच्या अलीकडे एका नाल्याच्या चढणीवर, २८ मार्च १९६१ रोजी भर दुपारी मागच्या मागे घसरला आणि रस्त्यात बसला. गाडी पुढे गेली.

ही गोष्ट आधीच सांगून मोकळे झालेले बरे, कारण ती घडलेली नाही. तसा कागद आहे. कागदावर वेळ आहे, सही आहे, गोल शिक्का आहे. तेव्हा हौदा पडला हे वाचकांनी विसरून जावे आणि तो जागच्या जागी आहे असे धरून चालावे. वऱ्हाड बीज-प्रसार मंडळाच्या अकोल्याच्या कचेरीने गेली दोन वर्षे तेच केले आहे.

"हा काय प्रकार आहे?" हेडक्लार्क मोरोपंतांनी टेबलावरच्या लोखंडाच्या तुकड्याकडे चष्म्यावरून पाहत विचारले.

"बोल्ट हाये जी," सूर्यभान म्हणाला.

"तुटका आहे."

"तुटला म्हणून तं आणला. साजरा असता तं गाडीले नसता काय?"

हे १९५६ च्या सप्टेंबरातले. सूर्यभान मंडळाचा ड्रायव्हर आणि फिटरही. पातूरकडच्या एका खेड्यातला, काळ्या जमिनीवर वाढलेला माणूस. दहा वर्षे अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात तेलपाणी करता करता पाना हातात आला, आणि त्याबरोबर मनुष्यजातीविषयी एक ठाम मत आले. पहिले तीन आटे बोटाने फिरवून मग पाना लावतो, तो माणूस. पहिल्यापासून पाना लावतो, तो गाढव. आणि आवळून झाल्यावर वरून हातोडी मारतो, तो साहेब. मोरोपंत यांपैकी कशातच बसत नव्हते. त्यांनी जन्मात फायलीच्या फितीशिवाय काही आवळले नव्हते. सूर्यभान त्यांच्याकडे पाही ते गंजलेल्या वायसरकडे पाहावे तसे: आहे, पण त्याचे करायचे काय?

गाडी युद्धानंतरच्या लिलावातली, अमेरिकन. आली तेव्हा तिचा हौदा तारेने बांधलेला होता. सूर्यभानने ती तार तोडून फेकली आणि पातूरच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडून आठ बोल्ट घडवून घेतले. चार सूत जाड, पाच इंच लांब, डोके गोल, डोक्याखाली मान चौकोनी. माप त्याने आपल्या बापाच्या बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, घेतले होते. त्या आठांनी नऊ वर्षे हौदा धरला. मग पातूरच्या घाटात, क्षमतेच्या दुप्पट पोती भरण्याचा हुकूम झाला असताना, त्यांतला एक तुटला. हुकूम करणारा शाबूत राहिला.

"मागणी कितीची?" मोरोपंतांनी विचारले.

"एकाची."

"आणि हा नमुना?"

"हाच."

मागणी आणि नमुना मुख्य कचेरीत गेले. चोवीस दिवसांनी दोन्ही परत आले नाहीत. शेरा तेवढा आला. 'नमुना तुटका आहे. मंडळास तुटक्या वस्तू खरेदी करता येत नाहीत. शाबूत नमुना पाठवावा.'

"साबूत कुठून आणू?"

"गाडीला सात आहेत की," मोरोपंत म्हणाले. वजाबाकी आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"पंत, थे हौदा धरून राहिले."

"एक काढलास तर सहा धरतील. चार माणसं एवढा मोठा माणूस स्मशानापर्यंत नेतात, सहा बोल्टांना एक हौदा धरवत नाही?"

"थो मेलेला असते," सूर्यभान म्हणाला, आणि एक काढून दिला.

आता दोन बोल्ट कमी झाले होते, म्हणून मागणी दोनांची करावी लागली. मागणी बदलली म्हणून ती नव्याने, तीन प्रतींत करावी लागली. आणि प्रत्येक प्रतीस नमुना जोडणे आवश्यक असल्याचे मोरोपंतांना नेमके तेव्हाच आठवले. एक नमुना वर गेलेला होता; आणखी दोन काढले. गाडीला चार उरले. मागणी चारांची झाली.

ती वर पोचते न पोचते तोच एक नोव्हेंबर उजाडला, मध्य प्रदेश वऱ्हाडातून उठला आणि मुंबई राज्य येऊन बसले. दप्तरांची वाटणी झाली, आणि बोल्टांची फाईल भोपाळकडे निघालेल्या पेटाऱ्यात पडली. आपले चार बोल्ट परराज्यात असल्याचे मंडळाच्या ध्यानात यायला दीड वर्ष लागले. मग नवी फाईल, नवा नमुना. उरले तीन. मग दशमान पद्धती आली.

"सूर्यभान," मोरोपंत कागदावर गुणाकार करून म्हणाले, "हा बोल्ट बारा पूर्णांक सात दशांश मिलिमीटरचा आहे."

"असन. मले तं थो चार सुताचा हाये एवढंच ठाऊक. तुमी त्याले काईबी म्हणा, त्यानं थो जाडा नाई होत."

मोजणीसाठी एक गेला. १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. मिठाई वाटली, झेंडे लागले, आणि नव्या राज्याच्या नव्या फाईलसाठी एक गेला. गाडी कचेरीच्या आवारातल्या पिंपळाखालून हात-दोन हातही हलली नव्हती, पण तीन राज्यांतून गेली होती. शेवटी तपासनीस आले. त्यांनी वाकून चेशीकडे, गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे, पाहिले आणि लिहिले, 'एवढा मोठा हौदा एकाच बोल्टवर ठेवणे धोक्याचे आहे. सदर बोल्ट त्वरित काढावा.'

तोही काढून फायलीला लावला. आता गाडीवर हौदा निव्वळ स्वतःच्या वजनाने बसला होता. सूर्यभान रोज सकाळी येई, इंजिन चालू करी, पाच मिनिटे ऐके आणि बंद करी. गाडी आवाराबाहेर काढायला त्याने साफ नकार दिला होता. चार वर्षांत एवढी एकच गोष्ट कचेरीने त्याची ऐकली, कारण ती करायला काही करावे लागत नव्हते.

फेब्रुवारीत अमरावतीच्या विभागीय कचेरीचे पत्र आले. मोरोपंतांनी ते वाचून दाखवले. मंडळाच्या सर्व गाड्यांची पडताळणी अमरावतीस होणार. अकोल्याच्या पिकअपने २८ मार्चला स्वतःच्या चाकांवर, हौद्यासह हजर व्हावे. न झाल्यास गाडी निकामी ठरवून लिलावात काढण्यात येईल, आणि गाडीसाठी निर्माण केलेली ड्रायव्हरची जागा त्याच तारखेपासून रद्द होईल.

"तुझी पेन्शनपात्र नोकरी कधी पुरी होते?" मोरोपंतांनी विचारले.

"त्या तारखेपासून धरले तं बावीस महिने."

"अरेरे," मोरोपंत म्हणाले आणि पुढचे पत्र उघडले.

सूर्यभान त्या दुपारी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेला. भगवंतरावांचे लोखंडी सामानाचे दुकान गल्लीच्या तोंडाशीच होते. भगवंतराव गादीवर लोळत होते. गिऱ्हाईक आल्यावर ते कुशीवर वळत, एवढीच त्यांची उठबस.

"या सूर्यभान भाऊ. काय पायजे?"

"बोल्ट. चार सूत, पाच इंची. आठ."

भगवंतरावांनी षट्कोनी डोक्याचे आठ चकचकीत बोल्ट पुढे ओतले. सूर्यभानने एक उचलला, डोळे मिटले, आणि नट बोटाने फिरवला.

"कावून एवढा चमकून राहिला हा?"

"नवा हाये म्हणून."

"आत काई नसलं का मंग वरूनच चमका लागते. आन् हे डोकं पाहा. मी खालून नट आवळीन, तं हा वर लाकडात भवऱ्यावानी फिरन. वर कोन धरून बसन याले? तुमी?"

भगवंतरावांनी गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे काढले.

"याले आटे पार मानेलोक हायेत. हौदा आट्यावर बसन. गाडी हलली का हे आटे करवतीवानी लाकूड खातीन. सहा महिन्यात भोक असं होईन का त्याच्यातून भगवंतराव निंगन."

"मंग हा घ्या. मान कोरी, आटे खालीच."

"चार इंची हाये."

"एका इंचानं काय होते जी?"

"फळी एक इंच, लाकडाचा ठोकळा दोन, चेशीचं लोखंड, वायसर, नट. याचं टोक नटाच्या बाहेरच नाई येत. मंग नट कशाले धरन? हवेले?"

शेवटी भगवंतराव खरोखरच उठले. त्यांनी माळ्यावरून एक गोणपाट खाली पाडले. आतला बोल्ट पाच इंची होता, मान चौकोनी होती, आटे खालीच होते. सूर्यभानने तो दुकानाच्या शेगड्यात, लोखंड पकडायच्या पकडीत, अडकवला आणि पाइपाचा तुकडा टाकून हलकेच दाबला. बोल्ट उसाच्या कांडीसारखा वाकला.

भगवंतराव परत गादीवर आडवे झाले. "भाऊ," ते म्हणाले, "तुमाले बोल्ट पायजे का जावई?"

"जावई कसाबी चालते," सूर्यभान म्हणाला. "त्याले हौदा नाई धरा लागत."

त्याने गल्लीतली आणखी तीन दुकाने पाहिली. एकाने तारेचा सल्ला दिला, दुसऱ्याने देवाचा. तिसऱ्याने सांगितले की हल्ली असे बोल्ट कोणी मागत नाही. पातूरचा म्हातारा लोहार जाऊन पाच वर्षे झाली होती, आणि त्याच्या भट्टीच्या जागी पानठेला होता.

"काय झालं जी?" घरी रुख्मिणीने विचारले.

"अख्ख्या अकोल्यात आठ बोल्ट नाईत. माणसंबी नाईत."

रुख्मिणी भाकर थापत होती. नवऱ्याने गावातली माणसे मोडीत काढल्याचे ती पंचवीस वर्षे ऐकत आली होती, त्यामुळे तिने फक्त बोल्टांचा विचार केला. "अवो, ज्या बंडीवरून माप नेलं होतं, थे बंडी तं घरचीच हाये ना?"

सूर्यभानने घास खाली ठेवला. मनुष्यजातीत एक माणूस आहे, आणि ती आपल्या चुलीपुढे बसली आहे, असे त्याला क्षणभर वाटले. त्याने आणखी एक भाकर तेवढी मागितली.

गावी धाकटा भाऊ खुशालराव शेती पाही. कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन शेते मोकळी पडली होती, आणि बंडी शेणखत वाहायला जुंपलेली होती.

"दादा, खत न्याचं राह्यलं ना अजून," खुशालराव म्हणाला.

"पंधरा दिवसात आणून देतो."

"सरकारात गेलेलं आणून देशीन?"

"अबे, गाडीले लावतो. दाखवतो. काढतो. आणून देतो. याच्यात सरकार कुठी आलं?"

खुशालरावने बैल सोडले. बंडीच्या साट्याला, म्हणजे वरच्या चौकटीला, खालच्या लांब धुऱ्या धरून ठेवणारे आठ बोल्ट सूर्यभानने एकेक करून काढले. चाळीस वर्षांचे लोखंड, पण नट पाना लावताच सैल झाला आणि पुढे बोटाने फिरत आला. आट्यांत एरंडेल होते. बाप दर पोळ्याला चिंधी घेऊन बसे आणि प्रत्येक बोल्टवरून हात फिरवी. त्याने पोरांवरून कधी हात फिरवल्याचे दोघांपैकी एकालाही आठवत नव्हते. बंडी साटा खाली टेकवून बसली. सूर्यभान आठ बोल्ट धोतराच्या सोग्यात बांधून पातूरच्या मोटारीत चढला.

सव्वीस मार्चला त्याने ते गाडीला लावले. भोकात मान अशी बसली की जणू तिथेच वाढली होती. पहिले तीन आटे बोटाने, मग पाना. साडेचार वर्षांनी हौदा आणि गाडी पुन्हा एक झाली. आसपास कोणी नाही हे पाहून सूर्यभान हौद्यात चढला आणि त्याने जोरात एक उडी मारली. कुठे कुरकुर नाही. त्याने आणखी एक मारली. ही तपासणीसाठी नव्हती.

अमरावतीला पडताळणी अधिकारी चिंतामणराव यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, चार शिपाई हौद्यात चढवले आणि त्यांना हलायला सांगितले. शिपाई हलले. हौदा हलला नाही. चिंतामणरावांनी घड्याळ पाहून प्रमाणपत्र लिहिले: 'हौदा चेशीवर पक्का बसलेला आढळला. वेळ १०-४०.' सही केली. शिक्का मारला. गाडीतून सोबत आलेल्या मोरोपंतांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बावीस महिने वाचले.

"बोल्ट चांगले दिसतात," चिंतामणराव म्हणाले. "कोणत्या मंजुरीचे?"

"मंजुरी विचाराधीन आहे, साहेब," मोरोपंत म्हणाले.

"मग हे कुठून आले?"

"माह्या बंडीचे हायेत जी," सूर्यभान म्हणाला. बोल्टांची तारीफ झाल्याने तो गाफील होता. "बापाच्या हातचे."

"म्हणजे खाजगी?" चिंतामणराव दोन पावले मागे सरले. "मंडळाच्या गाडीला खाजगी बोल्ट? आज बोल्ट लावाल, उद्या चाकं लावाल, परवा गाडी घरची म्हणाल. काढा. इथल्या इथे काढा. पुरावा म्हणून फायलीला लावा."

"साहेब, मंग हौदा कशावर राह्यन?"

"हौदा पक्का आहे," चिंतामणराव म्हणाले. "मी आत्ताच सही केली आहे ना?"

सूर्यभानने आयुष्यात नाना तऱ्हेचे मूर्ख पाहिले होते आणि प्रत्येकाला उत्तर दिले होते. या वाक्यापुढे मात्र त्याला कुठे पाना लावायचा ते कळेना. तो गाडीखाली शिरला. आठ बोल्ट काढायला दीड तास लागला, कारण लावणाऱ्याने ते नीट लावले होते. कारकुनाने त्यांची सुतळीने जुडी बांधली आणि चिठ्ठी अडकवली: 'नमुना क्र. ९ ते १६.'

"निदान दोरानं आवळू द्या," सूर्यभान म्हणाला.

"दोर कोणाचा?" मोरोपंतांनी विचारले. मधल्या वेळात ते बाजारातून एक सागवानी आरामखुर्ची घेऊन आले होते, आणि ती शिपायांकरवी हौद्यात चढवत होते. "खाजगी वस्तू नको रे बाबा आता."

बडनेऱ्यापर्यंत सूर्यभानने गाडी पायी चालणाऱ्याच्या चालीने आणली. प्रत्येक खड्ड्याला तो मान मागे वळवी.

"किती रडवतोस!" मोरोपंत म्हणाले. "अशानं अकोल्याला पोचायला पुढचं राज्य येईल."

कुरुमच्या अलीकडे नाला होता. त्यावरच्या फरशीच्या पुलावर उतरताना हौदा पुढे सरकून केबिनला टेकला. चढणीला गाडीने नाक वर केले. मागे लाकूड लोखंडावरून घासल्याचा लांबलचक आवाज झाला, आणि गाडी एकाएकी हलकी झाली.

"वा!" मोरोपंत खूश होऊन म्हणाले. "आता कशी धावतेय बघ. असंच चालवावं माणसानं."

सूर्यभानने अर्धा फर्लांग गाडी धावू दिली. मग ब्रेक लावला.

"का थांबलास?"

"मांगं पाहा."

हौदा रस्त्याच्या मधोमध सरळ बसला होता. त्यात आरामखुर्ची होती, तीही सरळ. पलीकडे एक शेतकरी आपली बंडी थांबवून, हौदा बाजूला व्हायची वाट पाहत होता. दोघे चालत मागे आले. मोरोपंतांनी खिशातले प्रमाणपत्र काढून पुन्हा वाचले. मग हौद्याकडे पाहिले. मग पुन्हा कागदाकडे. दोहोंत मतभेद होता, आणि मोरोपंत अशा वेळी कुणाच्या बाजूचे असत हे सूर्यभानला माहीत होते.

"दहा चाळीसला हौदा पक्का होता," ते म्हणाले.

"बोल्ट होते तं होता."

"बोल्टांचा उल्लेख या कागदात नाही. हे बघ, हौदा पडला म्हटलं की गाडी निकामी. गाडी निकामी की तुझी जागा गेली. हौद्यात माझी खुर्ची सापडली, तर माझी चौकशी. साहेबांनी सही केलीय, तर त्यांचीही चौकशी. तिघांचं नुकसान, आणि हौद्याला त्याचं काहीच नाही. तेव्हा नीट विचार करून सांग. हौदा पडला का?"

सूर्यभानने आपल्या हातांकडे पाहिले. बोटांच्या पेरांत अजून एरंडेल होते. जन्मभर त्याने ढिल्या नटाला ढिला म्हटले होते, मग तो कोणाचाही असो. ऊन तापले होते. शेतकऱ्याच्या बैलाने शेपटी हलवली.

"नाई पडला," सूर्यभान म्हणाला.

"शाबास."

"काय जी," शेतकऱ्याने विचारले, "हा कोनाचा हाये?"

"कोणता?" मोरोपंत म्हणाले, आणि खुर्चीकडे एकदाच वळून पाहून गाडीत जाऊन बसले.

पुढचे बावीस महिने सूर्यभान रोज सकाळी कचेरीत आला. त्याने बिनहौद्याच्या गाडीचे इंजिन चालू केले, पाच मिनिटे ऐकले, बंद केले, आणि गाडीच्या वहीत लिहिले, 'हौदा पक्का.' खाली सही. बियाण्यांची पोती भाड्याच्या बंड्यांतून जाऊ लागली. चालत्या पिकअपकडून हे काम का होत नाही, असे कोणी विचारले नाही. गाडी चालत होती हे तर कागदावरच होते. खुशालराव पहिल्या वर्षी दर बाजाराला निरोप पाठवी. मग त्याने साट्यावर कोंबड्या पाळल्या आणि निरोप थांबवला.

कचेरीत हौदा पडला नव्हता, पण जुन्या शहरात तो पहिल्याच दिवशी पडला होता.

"काय सूर्यभान भाऊ," भगवंतराव गादीवरून म्हणाले, "आयकलं का कुरुमले काई तरी निसटलं?"

"हौदा जाग्यावर हाये."

"असं काय! मंग बंडीचे बोल्ट लयच साजरे निंगाले. निरे दिसतच नाईत." दुकानातली चार माणसे हसली. "आमचा घेतला असता तं वाकला असता बाप्पा, पण पळून नसता गेला."

लोक काय म्हणतात याची पर्वा सूर्यभानने कधी केली नव्हती. ज्यांना नट आवळता येत नाही त्यांच्या मताला तो किंमत देत नसे. पण हे मत बोल्टांविषयी होते. 'तुमाले काय समजते?' हे शब्द त्याच्या तोंडात आले. ते बोलायचे तर आधी हौदा पडल्याचे कबूल करावे लागले असते. तो मोर्णेचा पूल ओलांडून घरी आला. ती गल्ली त्याने पुन्हा धरली नाही.

एकदा, पेन्शनला चार महिने असताना, आठ बोल्टांची चौकशी करायला तो मोटारीने अमरावतीला निघाला. कुरुमजवळ टायर बसला म्हणून उतारू खाली उतरले. नाल्याच्या काठच्या शेतात हौदा होता. शेतकऱ्याने त्याची गव्हाण केली होती. दोन बैल त्यात तोंड घालून कुटार खात होते. बाजूला 'बीज-प्रसार मंडळ, अकोला' ही अक्षरे शेणाखालून अर्धी दिसत होती. निंबाखाली सागवानी आरामखुर्चीत शेतकरी झोपला होता.

सूर्यभान बांध ओलांडून गेला. त्याने बैलांची तोंडे बाजूला सारली, कुटार हाताने दूर केले आणि हौद्याच्या तळातली भोके पाहिली. आठ. त्यांतून कुटार गळू नये म्हणून शेतकऱ्याने ती चिंध्यांनी बुजवली होती. त्याने एकेक चिंधी काढून बोट आत घातले. कडा साफ होत्या. मान बसायचा चौकोन जसाच्या तसा. बोल्ट ओढून निघाला असता तर लाकूड फाटले असते. एकही भोक फाटलेले नव्हते.

त्याने चिंध्या परत जशाच्या तशा कोंबल्या. खुर्चीतल्या माणसाला उठवले नाही. अमरावतीला त्याला सांगण्यात आले की नमुने परत करण्याची पद्धत नाही.

जानेवारी १९६३ मध्ये तो निवृत्त झाला. मोरोपंतांनी भाषण केले. त्यात ते म्हणाले की सूर्यभानच्या काळात मंडळाच्या गाडीचा एक खिळाही इकडचा तिकडे झाला नाही. हार घातला. पेन्शनचा कागद मार्चमध्ये हाती आला. दुसऱ्या दिवशी सूर्यभानने पोस्टातून एक कोरा ताव आणला, रुख्मिणीला पुढे बसवून तिला वाचून दाखवत दाखवत पुढील अर्ज लिहिला, आणि अमरावतीस रजिस्टर्ड पाठवला. तेथे तो आवक क्रमांक पडून फायलीस लागला आहे.

'मेहेरबान पडताळणी अधिकारी साहेब, बीज-प्रसार मंडळ, विभागीय कचेरी, अमरावती यांचे सेवेशी.

अर्जदार सूर्यभान, निवृत्त ड्रायव्हर, अकोला, अर्ज करतो की, मंडळाच्या पिकअपचा हौदा ता. २८ मार्च १९६१ रोजी कुरुमचे अलीकडे पडला. पडला नाही असे मी बावीस महिने रोज लिहून दिले, ते खोटे आहे. पडतेवेळी त्यास एकही बोल्ट नव्हता. त्याच दिवशी जे आठ बोल्ट आपले हुकुमाने काढले, ते आपले फायलीत क्र. ९ ते १६ वर आहेत. कोणताही एक घेऊन त्याचा नट बोटाने फिरवून पाहावा. हौद्याची भोके मी स्वतः तपासली आहेत, ती फाटलेली नाहीत.

सबब विनंती की, हौदा पडला अशी दप्तरी नोंद व्हावी, व तो बोल्टांमुळे पडला नाही अशी दुसरी नोंद तिचे खाली व्हावी. त्यामुळे माझी पेन्शन बंद होत असल्यास हरकत नाही. दोन्ही नोंदींची नक्कल अकोला, जुने शहर येथील लोखंडी सामानाचे दुकानदार भगवंतराव यांस पाठवावी. तसेच, या अर्जासोबत नमुना जोडलेला नाही. आता एकही उरलेला नाही. तरी तो मागू नये, ही विनंती.'